डब्यात काळा खडू नव्हता

रेडिओ स्टुलावर चढून मोठमोठ्याने वाचत होता आणि बिट्टी खालून त्याचा सदरा ओढत होती. "उतर आधी, मला बघू दे." पण मध्येच थांबेल तो रेडिओ कसला! निवाऱ्यातल्या मुलांनी त्याला हे नाव उगाच दिलं नव्हतं.

जेवणघराच्या फळ्यावर वॉर्डनकाकांनी नुकतंच एक पत्रक लावलं होतं. शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात निवाऱ्यातल्या मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन! सुट्टी लागल्यापासून चित्रकलेच्या ताई आठवड्यातून दोनदा येत, दोन तास वर्ग घेत आणि जाताना सगळी चित्रं गुंडाळून कपाटात कुलूपबंद करत. पत्रकावर त्यांतलं एक चित्र छापलं होतं. पुलाखाली गुडघ्यांत डोकं घालून रडणारी मुलगी, शेजारी तिच्याकडे पाठ फिरवून झोपलेली बाई आणि वर काळंकुट्ट आभाळ. खाली लिहिलं होतं, 'बिट्टी, वय बारा'.

"हे कधी काढलंस तू?" रेडिओने विचारलं.

"मी नाही काढलं."

बिट्टीने बस काढली होती. बसमध्ये अकरा माणसं होती आणि चालकाच्या जागेवर तिची आई होती. पुलाखाली तर ती एक रात्रही झोपली नव्हती. घर सुटलं तेव्हा तिची आई, ती आणि धाकटा भाऊ चार दिवस रुग्णालयाच्या व्हरांड्यात राहिले होते. आई तिथल्याच धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची. त्या चार दिवसांत ती पाठ टेकवून झोपलीच नव्हती. मुलांची डोकी मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसायची आणि सकाळी तशीच कामावर जायची.

टोळीतला तिसरा घुम्या. तो दिवसाला चार शब्द बोलला तरी खूप. त्याने चित्रातल्या आभाळावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "काळा."

दोघांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. त्यांच्या वर्गातल्या खडूंच्या डब्यात काळा खडू नव्हताच. गाड्यांची चाकं रंगवून रंगवून मुलांनी तो पहिल्याच आठवड्यात संपवला होता. मग एवढं आभाळ कोणी रंगवलं?

दुपारी रेडिओने वॉर्डनकाकांना गाठलं आणि पाण्याच्या टाकीबद्दल इतके प्रश्न विचारले की काकांनी कानांवर हात ठेवले. तेवढ्यात घुम्याने खिळ्यावरची कपाटाची किल्ली काढून आणली. वर्गातल्या कपाटात, अगदी मागे, सगळ्यांची चित्रं गुंडाळलेली होती. बिट्टीची बस होती, घुम्याची पाण्याची मोटार होती, कोणाची तीन पायांची मांजर होती. शेजारी खडूंचा एक कोरा करकरीत डबा होता. त्यातला फक्त काळा खडू झिजून नखाएवढा उरला होता.

मागे पावलं वाजली. दारात ताई उभ्या होत्या.

त्या ओरडल्या नाहीत. लहान मुलांच्या खुर्चीवर कशाबशा बसल्या आणि खालच्या आवाजात सगळं सांगून टाकलं. संस्थेचे संयोजक मुलांची चित्रं पाहून नाराज झाले होते. बेघर मुलं बस आणि मांजरी काढतात, ती पाहून कोणाला वाईट वाटणार, आणि वाईट वाटलं नाही तर मदत कोण करणार, असं त्यांचं म्हणणं होतं. मनाला भिडणारी बारा चित्रं मिळाली नाहीत, तर पुढच्या महिन्यापासून वर्ग बंद. म्हणून ताईंनी हा डबा घरी नेऊन, डाव्या हाताने, ती बारा चित्रं काढली होती.

"डाव्या हाताने का?" रेडिओने विचारलं.

"उजव्याने काढली तर फार चांगली यायची," ताई म्हणाल्या आणि त्यांना हुंदका आला. मोठ्या माणसाला असं रडताना पाहून मुलांनाच लाजल्यासारखं झालं. कोणाला सांगू नका, असं ताई बोलल्या नाहीत. पण ते न बोलताच कळत होतं.

त्या गेल्यावर तिघांचं चांगलंच वाजलं. रेडिओ म्हणत होता की सरळ जाऊन सांगून टाकू. बिट्टीला ते पटत नव्हतं. वर्गातल्या त्या दोन तासांत कोणी तिला रांगेत उभं करत नव्हतं, कोणी सही मागत नव्हतं, सामान आवरून ठेव म्हणत नव्हतं. ते तास घालवायचे? शेवटी घुम्याने तोड काढली. चित्रं चौकटीत लावायला शुक्रवारी मुलांनाच बोलावलं होतं. बोलायचं नाही ना? नको. पण आपली चित्रं तिथे असू देत, ताईंच्या चित्रांच्या मागे, कोणाला न दिसणारी. शुक्रवारी ताई गुपचूप चिमटे देत राहिल्या आणि तिघांनी एकेका चौकटीत दोन दोन कागद बसवले. ताईंनी ते पाहिलं असावं.

शनिवारी बिट्टीची आई अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आली. केस नीट विंचरून, धुतलेली साडी नेसून आली. ती कामावरून परतायची तेव्हा जेवणघर बंद झालेलं असायचं, म्हणून पत्रक तिने पाहिलंच नव्हतं. लेकीचं नाव भिंतीवर लागलंय म्हणून ती वाटेत दोनदा हसली होती. बिट्टीने तिला दुसऱ्याच भिंतीकडे नेण्याचा खूप प्रयत्न केला. पण पुलाच्या चित्रापुढे गर्दी होती आणि आईला अक्षरं वाचता येत होती.

एक पाहुण्या बाई बिट्टीच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. मग आईकडे वळून त्या अगदी हळुवारपणे म्हणाल्या, "पोरगी रडत असताना झोप कशी लागायची हो तुम्हाला?"

आई चित्रातल्या पाठमोऱ्या बाईकडे बघत राहिली. नजर न हलवताच तिने बिट्टीला विचारलं, "मी अशी वाटते तुला?"

मग मात्र बिट्टीला राहवेना. तिने खुर्ची ओढली, वर चढली आणि भिंतीवरची चौकट काढून चिमटे उघडले. पुलाचा कागद खाली पडला आणि मागून बस निघाली. "हे माझं आहे," ती म्हणाली. "गाडी चालवतेय ती माझी आई आहे. ते दुसरं मी काढलेलं नाही. आमच्या डब्यात काळा खडू नव्हता."

तोवर रेडिओ आणि घुम्या पुढच्या चौकटी उघडायला लागले होते. संयोजक "अरे, अरे" करत धावले. पण प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या म्हाताऱ्या चित्रकारांनी त्यांना हाताने थांबवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, दोन्ही कागद डोळ्यांजवळ धरले आणि खडूचे फटकारे पाहिले. एक मुलीचा हात आहे, दुसरा मोठ्या माणसाचा, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मग बिट्टीच्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "शाबास. खरं बोलायला हिंमत लागते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. संयोजकांनीही वाजवल्या. मग त्यांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि झाला प्रकार आपल्याला आत्ताच समजला, असं जाहीर केलं. शिक्षिकेने संस्थेची फसवणूक केली आहे, तिला आजच काढण्यात येत आहे, आणि या चाणाक्ष मुलांचा आपल्याला अभिमान वाटतो. छायाचित्रात ते बिट्टीच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

"ताईंना तुम्हीच सांगितलं होतं," बिट्टी म्हणाली. पण तेव्हा सगळे चहाकडे निघाले होते.

ताई दाराजवळ भेटल्या. बिट्टीने विचारलं की तुम्ही का नाही सांगितलंत सगळ्यांना. सांगितलं, त्या म्हणाल्या, पण कोणी ऐकून घेतलं नाही. बिट्टीची मान खाली गेली. "मी चुकले का?"

ताईंनी पिशवी उचलली. "राग आलाय मला तुझा, खोटं कशाला बोलू? पण तू चुकली नाहीस." आणि पिशवी खांद्याला लावून त्या गेल्या.

आईने रस्ताभर बिट्टीचा हात घट्ट धरून ठेवला होता.

वर्ग बंद झाला. मंगळवारी धाकटी मुलं दारापाशी बसून राहिली. बिट्टीच्या भावाने तर तिच्याशी दोन दिवस अबोला धरला. मग तिघांनी बसून अर्ज लिहिला. ताईंना तसं करायला कोणी सांगितलं, ते लिहिलं. ताईंना परत घ्या, आम्हाला वर्ग हवा आहे, असं लिहिलं. रेडिओने सांगितलं, बिट्टीने लिहून काढलं आणि घुम्याने सतरा मुलांच्या सह्या गोळा केल्या. सही न येणाऱ्या तिघांनी मांजरी काढल्या.

वॉर्डनकाकांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला. मग चष्मा पुसून त्यांनी बिट्टीकडे कौतुकाने पाहिलं.

"अक्षर फार सुंदर आहे हो तुझं," ते म्हणाले, आणि अर्जाला भोक पाडून त्यांनी तो फाईलला लावला.