टँकरचा कंट्रोलर वेगळा

ऑफिसातल्या जारमध्ये एकच ग्लास पाणी उरलं होतं, आणि माझा हात पोचायच्या आत तो ग्लास दुसऱ्याच कुणाच्या हातात गेला. दुष्काळातला एप्रिल, वर चिकलठाण्याचं ऊन. मी त्याच्याकडं असं काही बघितलं, की बिचाऱ्यानं न पिताच ग्लास माझ्यापुढं धरला. डोळे मात्र हसत होते. मी सगळा प्यायले. लाज कसली?

तो अजिनाथ. त्यानं लिहिलेली वेबसाइट निस्तरायला मला, योगिनीला, घेतलेलं. शेंद्र्याकडच्या एका गावासाठी साइट होती... टँकरच्या वेळा, तक्रारी, नोटिसा. कोण काय मागतंय ते बघून हवं ते पुढं धाडणारा कोड म्हणजे कंट्रोलर. या पठ्ठ्यानं तिन्हींना मिळून एकच ठेवलेला. नोटिसांना हात लावला की टँकरच्या वेळा गायब.

मी म्हटलं, प्रत्येकाला वेगळा कंट्रोलर करू, लॉगिन तेवढं सामाईक ठेवू. त्याचं आपलं एकच, एकत्र कुटुंब बरं असतं. मी म्हटलं, तीन सुना एका चुलीवर घाला, मग कळेल. रोज त्याच्या टेबलाशी उभी राहून भांडायची मी. तो मान खाली घालून हसायचा, आणि माझा जीव उगीच खालीवर व्हायचा... शेवटी हट्टानं मीच सगळं वेगळं केलं.

सोमवारी गावात चाचणी होती. साइट सरपंचांना पटली नाही तर काम पुण्याच्या कंपनीला आणि मी घरी, असं आमच्या ऑफिसच्या साहेबांनी बजावलेलं. चावडीसमोर बाया जमल्या. गोजरबाईंनी तक्रारीत भलामोठा व्हिडिओ चढवला, आणि तक्रारींचं पान बंद पडलं. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. सरपंच काकासाहेबांनी टँकरचं पान दाबलं, आणि ते उघडलं की, त्याचा कंट्रोलर वेगळा होता ना. वेळ दिसली, त्याच वेळेला टँकर हॉर्न वाजवत वळणावर आला.

"तक्रारीचं नीट करा," काकासाहेब म्हणाले, "पण काम तुमच्याकडंच ऱ्हाईल. टँकर कळला, लई झालं."

बाया घागरी घेऊन धावल्या. चावडीपाशी आम्ही दोघंच उरलो.

"तुमचं मला पहिल्याच दिवशी पटलं होतं," अजिनाथ म्हणाला.

"मग महिनाभर भांडलात कशाला?"

"पटलं म्हणालो असतो — तर तुम्ही रोज टेबलाशी आला असतात का?"

राग यायला हवा होता. आला नाही, उलट गाल तापले. मला हा माणूस हवा होता, आणि आज माझा दिवस होता, मग थांबायचं कशाला? सांगून टाकलं, रविवारी आई-वडिलांना घेऊन आमच्या घरी या.

त्याचा चेहरा आधी फुलला, मग पडला. "कसे येतील... ते मेंढरं घेऊन गोदाकाठी गेलेत. पाऊस झाल्याशिवाय परतायचे नाहीत."

"मग मीच येते तिकडं," मी म्हणाले. "पोरगा बघायला."