मालवणच्या पाण्याचा एक थेंब

विशाखाला बुडवणारा माणूस समुद्रात उतरलाच नव्हता. तो किनाऱ्यावर छत्रीखाली चहा पीत उभा होता. कोळी नको नको म्हणत असताना त्यानं तिला उधाणात होडीवर चढवलं. कशासाठी, तर समुद्राच्या पाण्याच्या अजून एका नमुन्यासाठी.

विशाखाबरोबर पीएचडी करणारी शिवांगी तेव्हा तिथंच होती.

म्हणून आज, लातूरच्या कॉलेजात दुसऱ्या मजल्यावर, ती त्याच माणसाला, गुरुलिंग सरांना, ठणकावून सांगायला आली होती. बाहेर भर दुपार. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीचे काळे पडदे मात्र ओढलेले. टेबलावर विशाखाच्या शेवटच्या जाळीतली, होडीबरोबर किनाऱ्याला लागलेली नमुन्याची बाटली होती. नमुना टिकवायला घातलेलं फॉर्मालिन शिवांगीनं सकाळीच धुऊन काढलं होतं. काचेवरच्या एका थेंबात उबदार किनाऱ्याचं अख्खं गाव दिसत होतं. नक्षीदार डब्यांसारखे डायटम, खेकड्यांची काटेरी पिल्लं, आरपार दिसणारे बाणकिडे, अंधारात लाट पेटवणारे नॉक्टिलुकाचे गोळे. सगळे मेलेले. आणि त्यांच्यात वाकड्या शिंगाचा तो एक जीव, जगात अजून कुणीच न नोंदवलेला.

"सर, हा विशाखाला सापडला. शोध तिच्याच नावावर पाहिजे."

सर हसले. "मेलेल्या माणसाला नाव कशाला लागतंय, पोरी? पहिलं नाव माझं, दुसरं तुझं टाकतो. तुझी पीएचडी पक्की."

शिवांगीनं होकारार्थी मान हलवली.

"शहाणी हायस."

सरांनी काचेची पिपेट उचलली. रबरी फुगा शेजारीच पडला होता.

"फुगा लावा की, सर."

"फुगे लेकरांना. आम्ही तोंडानंच ओढून शिकलो."

त्यांनी नळी ओठात धरली, आणि लाईट गेली. पंखा थांबला तरी आवाज थांबला नाही. गाज... खोलभर गाज. फॉर्मालिनचा वास विरून शेवाळाचा आला. नळीतून निळा उजेड वर चढत होता. सरांनी ओढणं सोडलं होतं, तरी चढत होता. ते नळी उपटू पाहत होते. ओठ सुटेनात.

नळी फुटली. नाकातोंडातून पाणी यायला लागलं. स्टुलावर बसलेला माणूस हात मारत होता, पोहता न येणारा मारतो तसे.

"शिवांगी... पाय... पाय टेकंनात गं..."

पाय फरशीवरच होते.

ती दाराकडे धावली. कडी निघता निघेना. मागं हळूहळू सगळं शांत झालं.

शेवटी दार बाहेरून उघडलं. ॲम्ब्युलन्सवाला आत आला, बॅटरीच्या उजेडात त्यानं ओलाचिंब देह पाहिला. फोन कुणी केला? शिवांगीचे दोन्ही हात तर अजून कडीवरच होते.

त्यानं खोलीभर बॅटरी फिरवली.

"ताई, फोनवर कुनी विशाखा बोलली, या खोलीत दोघं बुडालेत म्हून. दुसरं कोन हाय?"