बिनखड्यांचा चिखल

"ढब्बू, हात मागे घे! तो चिखल दहा हजार वर्षांचा आहे!" ठकी ओरडली.

"मग त्याच्या पाया पडू का?" ढब्बूने जीभ दाखवली.

सुट्टी लागल्यापासून ठकी, तिचा धाकटा भाऊ ढब्बू आणि शेजारची चष्मिस यांनी आईच्या प्रयोगशाळेत ठाण मांडलं होतं. उत्तर ध्रुवाभोवतीच्या महासागराच्या तळाचा चिखल तिथे लांब नळ्यांत भरून शीतगृहात ठेवत. शीतगृह सांभाळायचा मामा. तिघांचा भलताच लाडका! उद्या मोठ्या बैठकीत आई सांगणार होती, की सतरा नंबरच्या नळीत तेलाच्या खुणा सापडल्या आहेत. एकदा तिने सांगितलं, की तेल काढायला जहाजं तिकडे धावलीच म्हणून समजा.

चष्मिस त्याच नळीवर भिंग धरून बसली होती. "ठके, यात एकही खडा नाही गं!"

"असं कसं? बाकी सगळ्यांत आहेत. मामानेच नाही का सांगितलं? जमिनीवरचा बर्फ समुद्रात वाहत येतो, वितळतो आणि त्यातले खडे तळाशी जातात."

"आणि हे काय?" चष्मिसने चिमट्याने निळा नायलॉनचा धागा ओढून काढला.

तिघं खिडकीकडे धावली. प्रयोगशाळेमागच्या मासेमारीच्या धक्क्यावर निळी जाळी वाळत होती आणि पाण्यावर डिझेलचा तवंग होता!

"म्हणजे नळीतला चिखल इथलाच!" ठकी म्हणाली. शीतगृहाची किल्ली एकट्या मामाकडे असायची.

मामा चहा पीत बसला होता. ढब्बूने साळसूदपणे पुडी सोडली, "मामा, आई धक्क्यावरचा चिखलसुद्धा तपासणार आहे म्हणे!"

मामाने कप खाली ठेवला. "तिला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही," ठकी म्हणाली. "आत्ता आम्हाला तू सांगितलंस."

मामाचा चेहरा खर्रकन उतरला. "एकदा शीतगृहाचं दार उघडं राहिलं गं. दाराजवळच्या नळीतला खरा चिखल वितळून सांडला. मी घाबरलो, धक्क्यावरचा भरला. त्यात तेल निघेल हे मला काय ठाऊक!"

"निघाल्यावर तरी बोलायचंस! उद्या आई सगळ्यांसमोर खोटी पडली असती. तुझी सख्खी बहीण आहे ती!"

ठकी तडक आईकडे गेली.

आईने धागा पाहिला, चिखल पुन्हा तपासला. डिझेलच! तिने अहवालातलं ते पान फाडून टाकलं. एवढी हुशार आई, पण भावाने आणून दिलेल्या नळीवर शंका कशी घेणार?

प्रयोगशाळेच्या संचालकबाई स्वतः आल्या. "कमाल केलीत पोरांनो! आम्हा तज्ज्ञांच्या नजरेतून सुटलं ते तुम्ही पकडलंत!"

आईने तिघांना जवळ घेतलं. दाराशी उभा असलेला मामा हळूच म्हणाला, "शाब्बास, ठके."

"तू नको म्हणूस!" ठकी म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.