शंभर ते तीनशे

ताईने आजवर दोन शर्यती जिंकल्या आणि दोन्हींच्या शेवटच्या क्षणाचे फोटो मी काढले. पहिल्यात तिची टाच आहे. दुसऱ्यात पंचांचं पोट आहे. पोट मात्र अगदी सुस्पष्ट आलंय. या रविवारी तिची शेवटची शर्यत होती. पुढच्या वर्षाला गुडघा तयार नव्हता.

"या वेळी तोंड हवं," ताई म्हणाली. "माझं."

म्हणून मी दुकानातून दोन झूम लेन्स चार दिवस वापरून बघायला आणल्या. एक नवी. हलकी, चपळ, हात थरथरला तरी सांभाळून घेणारी. दुसरी वापरलेली, माझ्याहून वयाने मोठी आणि विटेसारखी जड. झूम करायचं तर तिची नळी पुढे ओढायची. नळीवर आकडे, शंभर ते तीनशे.

"हिची नळी सैल आहे," दुकानदार म्हणाला. "खाली तोंड केलं की घसरते. वयोमानाने होतं. आमचंही होतं."

दोन्ही लेन्स मी खिडकीजवळच्या टेबलावर ठेवल्या, समोरच्या इमारतीकडे तोंड करून. जुनी शंभरावर होती. चहा करून आलो तर दोनशे ऐंशीवर. बघता बघता तीनशे झाली आणि त्याच क्षणी समोरच्या तिसऱ्या मजल्यावरून एक कुंडी खाली पडली.

घसरायला उतार लागतो. मी गवंड्याकडची पाणसळ आणून टेबल सपाट आहे का ते तपासलं. टेबल निर्दोष होतं.

मग मी तिला मांजरावर रोखलं. नळी सावकाश बाहेर आली. तीनशे. मांजराने उडी मारली. नुसत्या भिंतीवर रोखली की ती शंभरावर गप्प बसायची. घटना जितकी मोठी, तितकी नळी हळू सरकायची. मांजराच्या उडीला दोन मिनिटं लागली. कोपऱ्यावरचं झाड उन्मळून पडायला अख्खी दुपार.

नवी लेन्स झालेल्या गोष्टी अप्रतिम टिपत होती. झाड पडल्यावर तिने पडलेल्या झाडाचं पान न् पान टिपलं.

रविवारी मी अंतिम रेषेपाशी जुनी लेन्स घेऊन उभा राहिलो. धावणाऱ्या मुली वळणावर आल्या तेव्हा नळी दोनशे दहावर होती. मी तिला हात लावला नाही. दोनशे साठ. दोनशे नव्वद. तीनशेला बटण दाबलं.

छातीला फीत, दात सगळे बाहेर, डोळ्यांत पाणी. टाच नाही, पोट नाही.

"आलं रे गाढवा, तोंड आलं!" ताईने पाठीत असा धपाटा घातला की दोन दिवस दुखत होती. इतका आनंद मला माझ्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

सोमवारी मी नवी परत केली आणि जुनीचे पैसे दिले.

"आधीचे मालक कसे होते?" मी सहज विचारलं.

"फार समाधानी माणूस. ते गेल्यावर त्यांच्या बायकोने आणून दिली. तेव्हा नळी पूर्ण बाहेर येऊन अडकली होती, काही केल्या आत जाईना. इथे आठवडाभर पडून राहिली आणि आत गेली आपली आपणच."

आता ती माझ्या शेल्फवर असते, माझ्या खुर्चीच्या समोर. मंगळवारी एकशे दहा होती. बुधवारी एकशे पस्तीस.

भिंतीकडे वळवली की शंभर. ताईकडे वळवली तरी शंभर. रिकामी खुर्ची समोर ठेवून पाहिली, तरी शंभर. खुर्चीशी तिचं काही वाकडं नाही.

मी रोज दाढी करतो. इस्त्रीचा शर्ट घालतो.

"कुठे निघालायस एवढा नटून?" ताई विचारते.

"कुठे नाही. घरीच आहे."

आज सकाळी दोनशे नव्वद.

ताईला कॅमेरा शिकवायला घेतलाय. सोपं आहे. आकडा तीनशेवर आला की बटण दाबायचं.

"आणि या वेळी तोंड हवं," मी तिला सांगितलंय. "माझं."