दुसऱ्याकडे ठेवलेली बोच

प्रणव शेडगे उंबऱ्यात वाकून बुटाची नाडी बांधू लागला, तशी समृद्धी स्वयंपाकघरातून ओरडत आली, "वाकू नकोस! आधी उठ, सरळ उभा राहा!"

हात पिठाने भरलेले, ओठ पांढरे पडलेले. प्रणव हसला. "अगं, पळायला काय चपला घालून जाऊ?"

"घाल चपला."

"रोज नवं सुचतं हिला," सोप्यात शेंगा फोडत बसलेल्या त्याच्या आई, मनीषाबाई, म्हणाल्या. "पोरगा आत्ता कुठं हसायला लागला, तर ही लागली थरथरायला."

थरथरण्याचं कारण त्यांना चांगलं ठाऊक होतं. सीमेवरून परतलेल्या प्रणवला झोप नव्हती, घास उतरत नव्हता. दोनदा समृद्धीने त्याला विहिरीच्या काठावरून ओढून आणलं होतं. शेवटी छावणीतल्या इस्पितळात त्याचं 'भारांतर' केलं. आठवण जवानाच्याच डोक्यात राही, तिची बोच तेवढी काढून दुसऱ्याच्या मेंदूत ठेवत. बोच नष्ट करता येत नसे, फक्त हलवता येई. तीही सहवासाने ज्याच्या मेंदूची लय जवानाशी जुळलेली असेल, अशा माणसाकडे. म्हणजे आई किंवा बायको. संमतीच्या दिवशी मनीषाबाईंचं बीपी नेमकं वाढलं. राहिली समृद्धी.

व्यवहार तोट्याचा दिसत नव्हता. प्रणव घोरू लागला, रस्सा मागून मागून खाऊ लागला. समृद्धीच्या काळजात मात्र कुणाचं तरी नख रुतून बसलं, आणि कुणाचं ते कळायला तिच्याजवळ आठवण नव्हती.

दुपारी तिने विचारलंच. "नाडीचं काय आहे रे?"

"ते होय!" प्रणवने शेंगदाणे तोंडात टाकले. "पलीकडचं एक पोरगं होतं. मिसरूडही नव्हतं फुटलेलं. बंदूक दगडाला टेकवून नाडी बांधत बसलेलं. मान वर करून हसलं माझ्याकडे बघून. त्यांच्यातलाच वाटलो असेन. उडवलं." त्याने हातावरची टरफलं झटकली. "नीट भाजले नाहीत गं हे."

समृद्धीला रडू फुटलं. नखाला आता चेहरा मिळाला होता.

"रडतेस काय? ऐक, बोलावणं आलंय. उद्याची तपासणी झाली की पुन्हा चौकीवर." मग जवळ येऊन तो मायेने म्हणाला, "भिऊ नकोस. परत आलो की जे काही असेल ते तुझ्याकडेच ठेवू."

दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर इस्पितळात गेली. प्रणवला आतल्या खोलीत तारा जोडल्या गेल्या, तेव्हा तिने डॉक्टर सोनटक्केबाईंना गाठलं.

"परत करता येतं का?"

बाईंना नवल वाटलं नाही. "येतं. त्याची संमतीही लागत नाही, बोच त्याचीच आहे. तो तपासणीत नापास होईल, घरी राहील. पण राहील तो आधीचा प्रणव. विहिरीपाशी चोवीस तास पहारा कोण देणार? आत्ता हो म्हणालात, तर आत्ता होईल."

आतून प्रणवची हाक आली. "समू, आटप गं! भूक लागलीय!" त्यामागोमाग नर्सचं हसू, आणि त्याचंही, लग्नाआधीचं, मोकळं.

समृद्धी दाराकडे बघत राहिली. "डॉक्टर, त्या पोराची आई कधी माझ्या दारात आली, तर तिच्यासमोर मान खाली कुणी घालायची? त्याने, का मी?"