फणसाखालचा दिवा

तानूबाई स्नेहलच्या पौडच्या कचेरीत आली, पण खुर्चीवर बसायला तयार होईना. भिंतीला पाठ लावून ती जमिनीवरच टेकली.

"ताई, धन्यांनी खून न्हाई केला. पर फौजदार म्हनतो, दिव्याच्या उजेडात त्यांचं तोंड दिसलं. आता जल्मठेप हुनार म्हनत्यात."

स्नेहल ढमाले ही मुळशी तालुक्यातली एकुलती एक खासगी गुप्तहेर. तिचे मदतनीस जनार्दनकाका, तीस वर्षं हवालदारी करून निवृत्त झालेले. पकडलेला माणूस सहसा चोरच असतो, असा काकांचा सिद्धान्त होता, आणि खात्यात तो त्यांना कधी नडला नव्हता.

हकिगत थोडक्यात अशी. कोळवणजवळच्या एका फार्महाऊसचे मालक शेखर लिमये, वय सत्तर, मूलबाळ नाही. गेल्या सोमवारी संध्याकाळी घरामागे कोयत्याच्या घावानं मेले. कोयता धुळाजीचा, म्हणजे तानूबाईच्या नवऱ्याचा. शेळ्यांनी रोपं खाल्ली म्हणून त्याच सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं. लिमयांचा पुतण्या रोहित याने खून डोळ्यांनी पाहिला. धुळाजीला त्याच रात्री उचललं.

"केस पक्की आहे," काका पुटपुटले.

"चला, बघून येऊ," स्नेहल म्हणाली.

रोहित अदबीनं वागला. त्याने दोघांना वरच्या गॅलरीत नेलं आणि खाली बोट दाखवलं.

"घराची ही बाजू कायम अंधारी. म्हणून महिन्यापूर्वी दिवा मीच निवडला, ऑनलाइन मागवला आणि काकांकडे पाठवून दिला. सोलर, सेन्सरवाला. वायर नको, खोदकाम नको, लाइट गेली तरी फिकीर नाही. खाली कोणी आलं की आपोआप लागतो."

"सोमवारी काय दिसलं?"

"मी दुपारीच आलो होतो, महिन्यात पहिल्यांदा. पावणेआठला काका टाकीचा वाल्व बंद करायला मागे गेले. दिवा लख्ख लागला. धुळाजीनं मागून घाव घातला, कोयता त्या कोरड्या हौदात टाकला आणि पळाला. कोयता कुठे आहे ते पोलिसांना मीच सांगितलं. तिथेच मिळाला."

"दिवा कुणी तपासला?"

"गुरुवारी संध्याकाळी फौजदारांनी, माझ्यासमोर. मंगळवारी सकाळी काकांचा मृतदेह घेऊन मी पुण्याला गेलो, तो गुरुवारीच परत आलो."

स्नेहल खाली उतरली. मागच्या भिंतीवर दिवा होता आणि त्याच्या माथ्यावर तळहाताएवढं पॅनल. भिंतीलगत जुना फणस. त्याच्या सावलीत गवताची काडीसुद्धा उगवलेली नव्हती. फक्त भिंतीकडच्या पाच-सहा फांद्या छाटलेल्या होत्या, आणि पांढऱ्या तोंडांवर चीक वाळला होता. तेवढ्या फटीतून दुपारचं ऊन थेट दिव्यावर पडलं होतं.

शेजारच्या शेतातला वाल्मीक कुंपणाशी आला. लिमयांशी त्याचं बांधावरून वाजलं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"दोन वर्सं बोलनं न्हवतं," तो आपणहून म्हणाला. "मंग एक दिस तेच च्या प्यायला आले. मिटलं. सोमवारी म्या देवळात सप्त्याला हुतो, पन्नास मानसं हायेत साक्षीला. वरडा आयकून पळत आलो. पंचनाम्याला बॅटरी म्याच धरली की. दोन तास. हात भरून आला."

"लिमयांच्या हातात काही होतं?"

"त्यांची बॅटरी बाजूला पडल्याली. वाल्वकडं जाताना रोज न्यायचे. लई भला मानूस. पुतन्याला ह्ये इकायचं हुतं, हॉटेलवाला आनला हुता बगायला. हे काय आयकंनात." मग त्याला आठवलं. "तानूबाईला म्हनावं, माजा कोयता दे. मंगळवारी नेलाय."

"कोयता कशाला नेला?" काकांनी संशयानं विचारलं.

"आता? तिचा पोलिसांनी नेला न्हवं!"

तानूबाईचा शेळ्यांचा वाडा कुंपणापलीकडेच होता. बाहेरच्या खांबाला मागून आणलेला कोयता खोचलेला होता. खुंटांना बांधलेल्या शेळ्या वाळकी डहाळी चघळत होत्या.

"यांना चारायला कोण नेतं?" स्नेहलनं विचारलं.

"डोंगराला धनीच न्यायचे. मी रोज ठान्यात जातीया. मंगळवारी उपाशी वरडाय लागल्या, मंग फनसाचा पाला तोडून घातला. शेखरराव असते तर इचारून तोडला असता."

स्नेहलनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि ती फिरली. परतीच्या वाटेवर तिने फौजदारांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे फणसाखाली जमले. फौजदार चिडलेले होते, रोहित शांत होता.

"साहेब," स्नेहलनं सुरुवात केली, "सोमवारी रात्री पंचनाम्याला या दिव्याखाली किती माणसं वावरत होती?"

"दहा-बारा."

"कोणी खाली आलं की आपोआप लागणारा दिवा आहे हा. मग वाल्मीकरावांना दोन तास बॅटरी का धरावी लागली?"

फौजदारांनी मान वर करून दिव्याकडे पाहिलं.

"चार्जिंग संपलं असेल," रोहित म्हणाला.

"संपायला आधी व्हावं लागतं. सोलर दिव्याला ऊन लागतं, आणि इथं गवताला पुरेल एवढंही नव्हतं. अशा सावलीच्या जागेला वायरचा दिवाच हवा, नाहीतर पॅनल तरी वेगळं, उन्हात बसवायचं. तुम्ही पुण्यात बसून निवडलात, तिथे ऊन येतं का ते पाहिलं नाहीत. महिनाभर हा एकदाही लागला नाही, म्हणूनच तुमचे काका रोज बॅटरी घेऊन जात होते."

"पण गुरुवारी लागला ना!" जनार्दनकाका न राहवून म्हणाले.

"लागला, कारण मंगळवारी तानूबाईंनी फांद्या तोडल्या. त्यांचा कोयता सोमवारी रात्रीच जप्त झाला होता, तोडायला त्यांनी वाल्मीकरावांचा नेला. म्हणजे फांद्या सोमवारनंतरच तुटल्या, दिवसाची चूक होणं शक्य नाही. पुढच्या तीन दुपारी पॅनलला ऊन मिळालं."

रोहितचा आवाज प्रथमच चढला. "ठीक आहे, अंधारात मला नीट दिसलं नसेल. घाबरून बोललो."

"दिसलं नाहीच. अमावस्येची संध्याकाळ होती. मग कोरड्या हौदात कोयता पडलाय हे तुम्हाला कसं कळलं? धुळाजीचा कोयता वाड्याच्या खांबाला खोचलेला असतो, कोणीही उचलावा. काका घर विकू देत नव्हते आणि सकाळचं भांडण आयतंच हाती आलं होतं. कोयता कुठे आहे ते न बघता एकालाच ठाऊक असणार, ज्यानं तो टाकला त्याला."



"आणखी एक," ती म्हणाली, आणि तिला राग आवरेना. "दिवा लागत नाही असं काकांनी तुम्हाला एकदा तरी कळवलं का? नाही. पोरानं हौसेनं पाठवलाय, वाईट वाटेल त्याला. एवढाच विचार केला असेल म्हाताऱ्यानं. घाव घालताना दिवा लागला नाही हे तुम्ही पाहिलंत, पण एरवी तो लागतो असंच समजून चाललात. त्यांनी एक फोन केला असता, तर तुम्ही ही थाप मारली नसती."

फौजदारांनी रोहितच्या खांद्यावर हात ठेवला.

"धुळाजी सुटेल," ते जाताना म्हणाले. "पण पाला कधी तोडला, हे या बाईंना कोर्टात सांगावं लागेल. सगळी केस त्यावरच उभी राहणार."

तानूबाईला नीटसं उमगलं नव्हतं. जनार्दनकाकांनी चांगल्या मनानं समजावलं, "अगं, तू फांद्या तोडल्या नसत्यास तर गुरुवारी दिवा लागलाच नसता. धुळाजी तेव्हाच घरी आला असता."

स्नेहलनं त्यांच्याकडे जळजळीत नजरेनं पाहिलं, पण बोललेलं बोलून गेलं होतं.

तानूबाईचा चेहरा उतरला. तिने छाटलेल्या फांद्यांकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

"दिवा लागला म्हून त्यास्नी ठान्यात सांगितलं," ती म्हणाली, "तवापास्नं धनी जेवलं न्हाईत. कुनी तरी करनी केली म्हनत्यात. कोर्टात ते आसतील?"

"असतील," स्नेहल म्हणाली. तिला खोटं बोलता आलं असतं, पण ती बोलली नाही.

"मंग सांगते. समद्यांम्होरं सांगते," तानूबाई म्हणाली. "पर आदी त्यास्नी घरला आना. माझ्या हातचं दोन घास खाऊ द्या. मंग खात्यात का न्हाई, काय म्हाईत."