उजव्या सीटवरचा हेडफोन

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. हे माझ्या मावसभावाच्या बाबतीत घडलंय, आणि दादा थापा मारणाऱ्यांतला नाही.

दादा वैमानिक. शहराबाहेरच्या धावपट्टीवर दोन सीटचं छोटं विमान उडवायला शिकवतो. वहिनीचं हे दुसरं लग्न. तिचा पहिला नवराही तिथेच शिकवायचा. आजारपणात गेला बिचारा.

पण त्याचा हेडफोन गेला नाही. दादाच्या बेडरूममध्ये खुंटीला टांगलेला. वहिनी रोज पुसायची.

"तो असा अलगद उतरायचा, कळायचंही नाही," वहिनी म्हणायची.

मेल्या म्हशीला मणभर दूध! दादाचा नुसता जळफळाट व्हायचा. जिवंत माणसाशी निदान भांडता तरी येतं.

एका दुपारी वहिनी बाहेर गेलेली. दादाने हेडफोन काढला, विमानात उजव्या सीटवर टाकला आणि एकटाच उडाला. तळ्यात फेकून द्यायचा, विषय संपला.

खाली तळं आलं. त्याने खिडकी उघडली. हेडफोन उचलला...

आणि इंजिन बंद पडलं.

धूर नाही, खडखड नाही. नुसता वाऱ्याचा आवाज.

दादाची पाचावर धारण बसली. हेडफोन हातातून सुटून सीटवर पडला. त्याने इंधनाची दुसरी टाकी चालू केली, स्टार्टर फिरवला. इंजिन ढिम्म.

तेवढ्यात शेजारून...

"नाक खाली ठेव."

हेडफोनमधून. त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती.

"वेग जाऊ देऊ नकोस. डावीकडे मोकळं शेत आहे. अलीकडे विजेच्या तारा आहेत... त्यांच्यावरून ये."

आवाज शांत, रोज शिकवणाऱ्या माणसाचा. दादाने मुकाट्याने ऐकलं. तारा त्याला अगदी शेवटी दिसल्या, चाकांखालून जाताना. विमान आदळलं, उसळलं आणि ढेकळांत थांबलं. त्याला खरचटलंही नाही.

मग पुन्हा...

"आता मला घरी ने."

मेकॅनिक आला. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. टाक्या भरलेल्या. बिघाड आजवर सापडला नाही.

दादाने हेडफोन खुंटीला लावला आणि वहिनीला सगळं सांगितलं, तळ्यासकट. वाटलं, चिडेल, रडेल, गळ्यात पडेल.

तिने लागलं का, एवढंही विचारलं नाही.

"आवाज कसा होता त्याचा?" ती म्हणाली. "दमलेला वाटला का रे?"

आता ती तो कानाला लावूनच झोपते. वायर उशीवर मोकळी. मधेच हसते. दादाने चोरून कानाला लावून पाहिला. काही नाही.

"अरे, पण जीव वाचवला ना त्याने तुझा," मी म्हटलं.

"माझा?" दादा म्हणाला. "हेडफोन घरी आणायला कुणीतरी लागणारच होतं."

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो. वहिनीने दार उघडलं. हेडफोन गळ्यात, चेहऱ्यावर नुकतंच उमटलेलं हसू.

"या भावोजी. आम्ही तुमच्याबद्दलच बोलत होतो."

दादा अजून कामावरून आला नव्हता.